खुबा मोडला तर जीव का धोक्यात येतो?

हात मोडलेला मुलगा महिनाभर प्लॅस्टर मिरवीत शाळेत येतो. वर्गातले सोबती त्या प्लॅस्टरवर आपापली नावे लिहितात, आणि प्लॅस्टर निघाले की सर्वजण तो अपघात विसरूनही जातात. याउलट, ऐंशी वर्षांच्या आजोबांचा खुबा मोडला असे कळले, की घरातली मोठी माणसे एकदम गंभीर होतात. दोन्हीकडे मोडते ते हाडच. मग एका ठिकाणी गंमत आणि दुसऱ्या ठिकाणी एवढी काळजी, असे का व्हावे?

ही काळजी अनाठायी नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून असे दिसते, की उतारवयात खुबा मोडलेल्या दर शंभर माणसांपैकी साधारणपणे वीस ते तीस माणसे वर्षाच्या आत दगावतात. ज्यांच्या अंगावरून पूर्वी वारे गेलेले असते, म्हणजे ज्यांना पक्षाघात झालेला असतो, त्यांच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो. आश्चर्याची गोष्ट अशी, की हाड जुळले नाही एवढ्याच कारणाने यांतली फार थोडी माणसे दगावतात. मग जीव जातो तो कशाने, आणि तो वाचवणे कोणाच्या हाती असते, हे आपण या लेखात पाहू.

पालघर-बोईसरचे आजी-आजोबा

पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे निघाले, की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशी स्टेशने लागतात. बोईसर हे चर्चगेटपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. त्याच्या पश्चिमेस समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि जवळच पुढे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. त्या वेळी पंचविशीतला जो तरुण येथे नोकरीस लागला असेल, तो आज ऐंशीच्या घरात आहे. सातपाटी, मुरबे, चिंचणी या किनाऱ्यावरच्या गावांत आणि पूर्वेकडच्या पाड्यांवरही पूर्वीपेक्षा अधिक माणसे उतारवयापर्यंत पोचत आहेत. आयुष्य वाढले ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याबरोबर म्हातारपणाचे दोन शत्रूही घरोघर पोचले. एक पक्षाघात आणि दुसरा ठिसूळ हाडे.

पक्षाघात हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. मुंबईतील एका पाहणीत (ती २००८ साली प्रसिद्ध झाली) दर लाख वस्तीत वर्षाला सुमारे १४५ माणसांना पहिल्यांदा पक्षाघात होतो, असे आढळले. या रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे होते. दुसरीकडे, गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी मृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या खेड्यांत दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाला होता. पालघर जिल्हा या दोन टोकांच्या मधला आहे. येथे कारखाने आहेत, तसे डोंगरपाडेही आहेत.

उखळीचा सांधा

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब हाड. त्याच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल भाग असतो. त्याला डोके म्हणतात. हे डोके कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसते. म्हणूनच हा ‘उखळीचा सांधा’. डोके आणि हाडाचा दांडा यांना जोडणारा जो तिरपा, बारीक भाग असतो, ती हाडाची मान. ‘खुबा मोडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ही मान किंवा तिच्या लगतचा खालचा भाग मोडलेला असतो.

या दोन जागांत मोठा फरक आहे. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला बिलगून वर चढतात. मान मोडून तुकडे सरकले, की या वाहिन्या तुटतात आणि डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. असे डोके जुळण्याचा भरवसा नसतो. म्हणून वृद्ध रुग्णात डॉक्टर बहुधा ते काढून टाकतात आणि त्याच्या जागी धातूचा गोळा बसवतात. मानेच्या खालचा भाग मोडला असेल, तर तेथे रक्तपुरवठा चांगला असतो. तेथे स्क्रू आणि पट्टी किंवा हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालून तुकडे एकत्र धरता येतात.

खुबा मोडल्याची खूण ओळखणे बहुधा अवघड नसते. आडवे झालेल्या माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. मोडलेल्या हाडाला मांडीचे बळकट स्नायू वर ओढून घेतात, त्याचा हा परिणाम. तुकडे जागचे हलले नसतील, तर मात्र ही खूण दिसत नाही. तेव्हा पडल्यावर पाय टेकवत नसेल तर एक्स-रे काढावाच.

वारे गेलेली बाजूच का मोडते?

हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते जिवंत असते. त्यावर जितका भार पडेल तितके ते मजबूत होते आणि भार गेला की झिजू लागते. हा नियम जर्मन शल्यवैद्य यूलिउस वोल्फ याने १८९२ साली मांडला. अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्यातील हाडाचे द्रव्य दरमहा एक टक्क्याहून अधिक घटते, ते याच नियमाने.

पक्षाघाताने लुळा पडलेला पायही जमिनीवर असून जणू अंतराळातच असतो. नॉर्वेतील ट्रोम्सो येथे या शतकाच्या आरंभी झालेल्या एका छोट्या अभ्यासात असे दिसले, की पक्षाघातानंतर जे रुग्ण चाकाच्या खुर्चीतच राहिले, त्यांच्या लुळ्या बाजूच्या खुब्यातील हाड वर्षभरात सुमारे दहा टक्क्यांनी घटले. जे आरंभापासून चालू शकत होते, त्यांच्यात ही घट तीन टक्क्यांच्या आसपास होती. रोजच्या थोड्या चालण्याचे मोल यावरून लक्षात येईल.

त्यातच तोल जातो तो बहुधा कमजोर बाजूला. आपण पडतो तेव्हा नकळत हात पुढे करतो आणि धक्का हातावर घेतो. लुळा हात वेळेवर पुढे येत नाही आणि सगळा मार खुब्यावर बसतो. झिजलेले हाड, पडण्याची तीच बाजू आणि मदतीला न येणारा हात, अशी ही तिहेरी अडचण आहे. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांना पक्षाघात झालेल्यांत खुबा मोडण्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या दोन ते चार पट आढळले, आणि मोडलेली बाजू बहुधा लुळीच होती. अशा रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्यही इतरांपेक्षा कमी भरले.

अंथरूण हाच शत्रू

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. खुबा मोडलेल्या माणसाला उभे राहता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, धड बसताही येत नाही. तो पाठीवर पडून राहतो, आणि येथूनच संकटांची साखळी सुरू होते.

फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही. तेथे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पायांच्या पोटऱ्या आखडल्या-सैलावल्या म्हणजे रक्त वर ढकलले जाते. ही क्रिया थांबली की रक्त साकळते आणि त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर क्षणात प्राण जाऊ शकतो. पाठ, माकडहाड आणि टाचा यांवरची कातडी सतत दबून राहते व तिला शय्याव्रण पडतात. लघवी तुंबून तिच्यात जंतू वाढतात. वेदना, अपुरी झोप आणि परकी जागा यांमुळे म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. तो जेवत नाही, औषध घेत नाही.

पक्षाघातामुळे या साखळीची प्रत्येक कडी घट्ट होते. खोकण्याचा जोर कमी असतो, म्हणून कफ सुटत नाही. गिळण्याचे स्नायू दुबळे असतील, तर पाणी किंवा पेज अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. लुळ्या बाजूची संवेदना गेलेली असेल, तर कातडी दुखत असल्याचे कळत नाही. वाचा गेली असेल, तर सांगता येत नाही. कित्येकदा तर खुबा मोडल्याचेच लवकर लक्षात येत नाही. ‘पाय आधीपासूनच लुळा होता, आज जरा जास्त आहे,’ असे समजून घरचे लोक चार दिवस तेल चोळीत बसतात.

खुब्याची शस्त्रक्रिया कशासाठी करायची, हे आता स्पष्ट होईल. माणसाला अंथरुणातून लवकर उठवून बसवता यावे, हा तिचा पहिला हेतू. हाड पुढे सावकाश जुळते.

कोण वाचतो?

शस्त्रक्रियेनंतर कोण अधिक जगतो, हे ठरवणाऱ्या कारणांचे दोन गट पाडता येतात.

पहिला गट आपल्या हाती नसलेल्या कारणांचा. वय जितके जास्त तितका धोका जास्त. स्त्रियांचा खुबा अधिक वेळा मोडतो, पण खुबा मोडल्यावर दगावण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक असते. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुबळे असेल, तर धोका वाढतो. पडण्यापूर्वी माणूस स्वतःच्या पायांनी हिंडत-फिरत होता की अंथरुणालाच खिळलेला होता, यावरही बरेच अवलंबून असते.

दुसरा गट आपल्या हाती असलेल्या कारणांचा: शस्त्रक्रियेला लागलेला वेळ, रक्तातील हिमोग्लोबिन, खाण्यातील प्रथिने, वेदना कमी करणे, गिळण्याची काळजी आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला उठवून बसवणे. एकट्या शल्यवैद्याचे हे काम नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली खुब्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली, आणि अस्थिवैद्य व वृद्धांचे डॉक्टर यांनी मिळून रुग्ण पाहावा यावर भर देण्यात आला. महिनाभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण २००७ मध्ये १०.९ टक्के होते, ते २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. त्या चार वर्षांत कोणतेही चमत्कारिक औषध सापडलेले नव्हते. काम वेळेवर आणि एकत्रितपणे होऊ लागले होते.

वेळेचा हिशोब

शस्त्रक्रिया लवकर झालेले रुग्ण अधिक जगतात, हे पूर्वीपासून दिसत होते. पण येथे विचारांचा एक सापळा आहे. परीक्षेत पेपर लवकर देऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात असे दिसले, तर ते लवकर बाहेर पडल्यामुळे मिळाले असे म्हणाल का? ती मुले मुळातच हुशार असतील! तसेच, मुळात धडधाकट असलेल्या रुग्णांचीच शस्त्रक्रिया लवकर होत असेल, तर ते जगतात ते प्रकृतीमुळे की वेळेमुळे?

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ४२,२३० रुग्णांच्या नोंदी तपासून सारख्या प्रकृतीच्या रुग्णांच्या जोड्या लावण्यात आल्या. २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५.८ टक्के, तर त्यानंतर झालेल्यांपैकी ६.५ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले. हा अभ्यास २०१७ चा. पुढे २०२० साली १७ देशांतील २,९७० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला; त्यात भारतही होता. कोणाची शस्त्रक्रिया अगदी तातडीने करायची आणि कोणाची नेहमीप्रमाणे, हे या प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगावर सोडले होते. तातडीच्या गटात निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंत साधारण ६ तास लागले, दुसऱ्या गटात २४ तास. तीन महिन्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ९ आणि १० टक्के होते. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मात्र तातडीच्या गटात भ्रम कमी जणांना झाला आणि ते लवकर उभे राहिले.

म्हणजे सहा तासांसाठी जिवाचा आटापिटा करण्याची गरज नाही; पण एक-दोन दिवसांच्या पुढे विनाकारण वेळ जाऊ देणे वाईट. आता पालघरकडे पाहा. या सगळ्या अभ्यासांत घड्याळ सुरू होते ते रुग्णालयात आल्यावर किंवा निदान झाल्यावर. पाड्यावरच्या आजीचे घड्याळ मात्र ती ओट्यावरून घसरते त्या क्षणी सुरू होते. मुलगा कारखान्याची पाळी संपवून येईपर्यंतचा वेळ, हाडवैद्याकडे गेलेले दिवस, एक्स-रे, पैशांची जुळवाजुळव, आणि मग मुंबईची किंवा वापी-वलसाडची वाट, हे सारे त्यात मिळवावे लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही सुरू झाली. तरी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दूर जाणारी कुटुंबे येथे आहेतच. पहिल्या काही तासांचा हिशोब घरच्यांच्याच हाती असतो.

पक्षाघात झालेल्याची शस्त्रक्रिया

पक्षाघातानंतर लगेच शस्त्रक्रिया करणे धोक्याचे असते. डेन्मार्कमधील सुमारे पाच लाख नियोजित शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून २०१४ साली असे दिसले, की पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वाधिक असतो आणि तो स्थिरावण्यास सुमारे नऊ महिने लागतात. ठरवून करायची शस्त्रक्रिया नऊ महिने पुढे ढकलता येते, मोडलेला खुबा तेवढा थांबत नाही. अशा वेळी दोन धोक्यांतला लहान धोका पत्करावा लागतो आणि भूल देणारे डॉक्टर अधिक सावध राहतात. पक्षाघाताची झळ पोचलेल्या मेंदूच्या भागातील रक्तवाहिन्या रक्तदाबाप्रमाणे स्वतःला जुळवून घेऊ शकत नाहीत, म्हणून रक्तदाब उतरू न देण्याकडे त्यांचे लक्ष असते. सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध ते टाळतात, कारण लुळ्या स्नायूंतून त्यामुळे पोटॅशियम एकदम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकते. कमरेत सुई देऊन भूल द्यावी की पूर्ण भूल द्यावी, याबद्दल पुष्कळ वाद होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १,६०० रुग्णांवरील प्रयोगात जगण्याच्या किंवा चालण्याच्या दृष्टीने दोहोंत फरक आढळला नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. पक्षाघात झालेले बहुतेक रुग्ण अशी एखादी गोळी घेत असतात. ॲस्पिरिनसाठी सहसा थांबावे लागत नाही. वॉर्फरिनचा परिणाम जीवनसत्त्व ‘के’ देऊन उतरवता येतो. काही नव्या गोळ्यांचा अंमल ओसरेपर्यंत मात्र थोडे थांबावे लागते. गोळी कोणती हेच माहीत नसेल, तर सगळेच खोळंबते.

एक खोटा आधार

असे रुग्ण वाचवण्याची एखादी सोपी गोळी असती, तर किती बरे झाले असते! २००५ साली जपानचे योशिहिरो सातो यांनी तसा दावा केला होता. पक्षाघात झालेल्या ६२८ रुग्णांवर प्रयोग केल्याचे सांगून त्यांनी लिहिले, की फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व ‘बी-१२’ यांच्या गोळ्यांनी खुबा मोडण्याचे प्रमाण पाचव्या हिश्शावर आले. अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात हा लेख छापून आला. न्यूझीलंड आणि स्कॉटलंडमधील संशोधकांनी त्यांच्या लेखांतील आकडे बारकाईने तपासले, तेव्हा ते खऱ्या रुग्णांचे असणे शक्य वाटेना. २०१६ साली तो लेख मागे घेण्यात आला. सातो यांचे इतर अनेक लेखही मागे घेतले गेले. आकडे छापून आले म्हणजे ते खरेच असतात असे नाही, आणि ते तपासणे हेही विज्ञानाचेच काम आहे.

खरा आधार लहान, पण भक्कम आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २,१२७ रुग्णांवरील प्रयोगात, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन दिली गेली. औषध न मिळालेल्यांपैकी १३.३ टक्के, तर मिळालेल्यांपैकी ९.६ टक्के रुग्ण प्रयोगाच्या काळात दगावले. सर्वांना कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ‘डी’ही दिले जात होते. अर्थात असे औषध कोणाला चालेल, हे डॉक्टरच ठरवतात.

तुम्ही काय कराल?

पुष्कळसे काम शाळकरी मुलांनाही करता येण्यासारखे आहे. घरात पक्षाघात झालेले आजी-आजोबा असतील, तर एका कागदावर त्यांच्या गोळ्यांची नावे आणि वेळा लिहून तो कागद दर्शनी भागी लावा. पावसाळ्यात ओटा आणि मोरी निसरडी होते. तेथे पाणी साचू देऊ नका. अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेत गोणी, वायरी, चपला असतील त्या उचला आणि रात्री तेथे दिवा राहील असे पाहा. सकाळच्या उन्हात त्यांचा हात धरून अंगणात चार फेऱ्या मारा. त्यांना भरवताना किंवा पाणी देताना नीट बसवा. निजलेल्या स्थितीत कधीही पाजू नका.

आणि पडलेच, तर पाय ओढू नका, चोळू नका. पाय आखूड दिसतो का ते पाहा, १०८ क्रमांक फिरवा, आणि पडल्याची वेळ गोळ्यांच्या कागदावरच लिहून ठेवा.

शिक्षकांनी वर्गात एक छोटी पाहणी करून घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील पडण्याच्या जागा मोजाव्यात, त्यांपैकी किती एका आठवड्यात नाहीशा करता आल्या ते लिहावे, आणि फळ्यावर त्या दोन आकड्यांचा तक्ता काढावा.